सोन्याशेजारचा तुकडा

आमच्या कामात टिचकी एकदाच मारता येते.

स्फटिक तिळापेक्षा जरासा मोठा असतो. काळा, चकचकीत, कागदांच्या चवडीसारखा थराथरांचा. त्याला खालून चांदीच्या गोंदाने तांब्याच्या बैठकीवर चिकटवायचं, वरून सिरॅमिकची एक बारीक कांडी चिकटवायची आणि ती बैठक चेंबरमध्ये सरकवायची. चेंबरमधली हवा पंपांनी जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते. मग बाहेरून एका लांब दांड्याने त्या कांडीला टिचकी मारायची. कांडी वरचे थर घेऊन उडते आणि खाली असा पृष्ठभाग उघडा पडतो की ज्याला आजवर हवेनेही शिवलेलं नाही. टिचकी तिरकी बसली तर त्याच पृष्ठभागाचे कपचे उडतात, आणि महिनाभर भट्टीत वाढवलेला स्फटिक फुकट जातो.

बारा वर्षांत मी चारशे सतरा तुकडे फोडले. त्यांतले तीनशे चौऱ्याऐंशी सपाट निघाले. हा आकडा मी कुणाला सांगितलेला नाही, पण असले आकडे मी ठेवते हे सगळ्यांना माहीत आहे. स्फटिक वाढवणारे आमचे भट्टीवाले मला माझ्यामागे ‘फूटपट्टी’ म्हणतात. मला ते आवडत नाही आणि चुकीचंही वाटत नाही.

फोडलेल्या पृष्ठभागावर अतिनील प्रकाश टाकला की त्यातून इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात. ते कोणत्या कोनात आणि किती ऊर्जेने आले हे मोजलं की आत असताना त्यांचं काय चाललं होतं ते कळतं. घरातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून घरातलं भांडण ओळखावं तसंच ते आहे, असं मी एकदा माझ्या लेकीला, चिंगीला, सांगितलं होतं. ती नऊ वर्षांची आहे. ती म्हणाली, “आई, बोअर नको ना करू.”

तेच बुलबुलने तिला आमच्या घरी येऊन सांगितलं. ताटलीत वाटाणे पसरले, ताटलीला खालून टिचकी मारली आणि म्हणाली, “आता उडालेले वाटाणे बघून सांग, ताटलीत कुठे किती गर्दी होती?” संध्याकाळभर दोघी खिदळत होत्या. वाटाणे मला महिनाभर सोफ्याखाली सापडत होते. प्रत्येक वेळी सापडला की माझ्या पोटात काहीतरी टोचायचं, आणि ते वाकण्यामुळे नव्हतं.

बुलबुल आमच्या गटात येऊन आठ महिने झाले होते. काम करताना ती गुणगुणते, तेही बेसूर, म्हणून आमच्या गटप्रमुख सरांनी हे नाव ठेवलं. आली तेव्हा तिला उलट्या आट्यांचा बोल्ट ओळखता येत नव्हता. चेंबरची खिडकी कशी पुसायची, गोंद किती घ्यायचा, किती भाजायचा, प्रकाशाचा ठिपका स्फटिकावर कसा आणायचा, हे सगळं मी शिकवलं. ती पटपट शिकली. प्रश्न विचारायची तर असे की मला उत्तरं शोधायला घरी पुस्तक उघडावं लागायचं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात ते मी पूर्वी नुसतं ऐकलं होतं. आता त्याची चव कळली.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत खुपायची. सर तिच्या पडद्यासमोर आले की खुर्ची ओढून बसायचे. माझ्या पडद्यासमोर ते उभे राहतात. बारा वर्षं ते उभे राहून, हात मागे बांधून, “छान, स्वच्छ माप आहे,” म्हणून पुढे गेले. उभ्या माणसाचं कौतुक आणि बसलेल्या माणसाची उत्सुकता यांतला फरक मोजायला कुठलं यंत्र लागत नाही.

त्या गुरुवारी सर असेच खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

त्यांनी काय पाहिलं ते सांगते. आमचे स्फटिक अतिसंवाहक आहेत. पंच्याऐंशी केल्विनच्या खाली थंड केले की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. त्या अवस्थेत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत एक फट पडते. शून्यरेषेच्या लगतचा पट्टा रिकामा होतो, तिथे कुणी राहत नाही. स्फटिक पंच्याऐंशीच्या वर तापवला की ही फट बुजते. दुसऱ्या काही जातींच्या स्फटिकांत ती वरही रेंगाळते, पण आमच्या या जातीत ती अगदी वेळेवर बुजते, असं सगळे धरून चालले होते. मीही. आणि शून्यरेषा नेमकी कुठे आहे हे कळावं म्हणून स्फटिकाशेजारी, त्याच बैठकीवर, सोन्याचा एक लहानसा पत्रा लावलेला असतो. सोन्यात फट नसते. सोन्याचा आलेख जिथे तुटतो तिथे शून्य.

“ही बुजलीच नाही?” सरांनी विचारलं.

“नाही ना सर. शंभरला नाही, एकशे वीसलाही नाही. मी तीनदा सोनं मोजलं. सोनं जागेवर आहे.”

“यंत्र बंद करू नकोस.”

“अहो सर, यंत्राला काय झालंय, मीच बंद पडायची वेळ आलीये. सकाळपासून चहा नाही.”

सर मोठ्याने हसले. मग त्यांनी भट्टीवाल्यांना आणि मला बोलावलं. दहा दिवसांनी परिषद होती आणि सरांच्या नावावर वीस मिनिटांचं भाषण होतं. “हे खरं असेल,” ते बुलबुलला म्हणाले, “तर ती वीस मिनिटं तुझी. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही काय म्हणता?”

बारा वर्षांत ती वीस मिनिटं कधी माझी झाली नव्हती. मी पडद्याकडे पाहिलं. आलेख सुरेख होता. मी म्हटलं, “संपर्काची खात्री काय?”

हा प्रश्न कामाचाच होता. गोंदाचा संपर्क नीट नसेल तर स्फटिकातून निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनांची जागा भरायला खालून दुसरे येत नाहीत. मग स्फटिकावर धन विद्युतभार साचतो, बाहेर पडणारे सगळे इलेक्ट्रॉन मागे खेचले जातात, आणि अख्खा आलेख शून्यापासून सरकतो. फट नसलेल्या ठिकाणी फट दिसते. काटा सरकलेल्या तराजूवर सगळंच वजनदार दिसावं तसं.

“कर्णाच्या दिशेने बघितलंय मी,” बुलबुल म्हणाली. या स्फटिकांत अणूंची चौकोनी जाळी असते. बाजूच्या दिशेने बघितलं तर फट सगळ्यांत मोठी, कर्णाच्या दिशेने बघितलं तर फट नाहीच. म्हणजे कर्णावर आलेख शून्याला टेकला तर संपर्क चांगला, तराजू बरोबर. “तिथे टेकतोय शून्याला.”

“याच तुकड्यावर?”

“नाही. आधीच्या.”

“मग या तुकड्याबद्दल काही सांगता येत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती मुलगी गप्प बसली. मला ते दिसलं. बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

“नवीन घाण्याला सहा आठवडे,” भट्टीवाले म्हणाले. “या घाण्यातला एक तुकडा उरलाय. एकच.”

“मग त्या एकावर दोन्ही दिशा मोजा,” सर उठले. “सोमवारी. मंगळवारी मला परिषदेला कळवायचंय. फोडणार कोण?”

“ताई फोडतील,” बुलबुल लगेच माझ्याकडे हात करून म्हणाली. “शेवटचा आहे, तर त्यांचाच हात हवा.”

बाहेरच्या बोळात भट्टीवाल्यांनी मला गाठलं. त्यांच्या बाह्यांना नेहमी भाजल्याचा वास येतो.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“आज जो तुकडा मोजला तो बैठकीवर चिकटवला कुणी होता?”

मी चालत राहिले. “मी.”

“मग खराब संपर्क कुणाचा?”

“कुणाचाही असू शकतो. तपासायला हवा.”

“तपासा की, नाही कोण म्हणतंय?” ते हसले. “पण स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात असं ऐकलं होतं. आज प्रत्यक्ष बघायला मिळालं. आता माझी भट्टी बघतो, ती तरी माझ्यावर जळत नाही.”

शुक्रवारी मी पोलादी कपाट उघडलं. त्यात माझ्या जुन्या वह्या आहेत. तो आलेख पाहिल्यापासून मला काहीतरी छळत होतं, आणि ते फक्त मत्सराचं नव्हतं. त्या वळणाचा उतार मी आधी कुठेतरी पाहिला होता. आलेख मी चेहऱ्यांपेक्षा चांगले लक्षात ठेवते.

सहा वर्षांपूर्वीच्या वहीत तो सापडला. चिकटवलेला कागद, कडा काटकोनात कापलेल्या. याच जातीचा स्फटिक, बाजूची दिशा, एकशे दहा केल्विन. आलेख शून्याला टेकलेला नव्हता. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘संपर्क खराब. तुकडा टाकून दिला.’ नऊ पानांनंतर दुसरा तुकडा, तेच वळण, तीच ओळ. त्यानंतर पंधरा पानांनी तिसरा. तिसऱ्या ओळीखाली मी रेघ मारली होती, जणू स्वतःच्याच हातावर छडी मारावी तशी.

तेव्हाच्या जुन्या यंत्रात तुकडा स्वतःभोवती फिरवता येत नव्हता, त्यामुळे कर्णाची दिशा बघता आली नसती, हे खरं आहे. पण दिवा मंद करून बघता आलं असतं. प्रकाश कमी केला की साचलेला विद्युतभार कमी होतो आणि आलेख परत सरकतो. सरकला नाही, तर संपर्क चांगला. दहा मिनिटांचं काम. मी केलं नाही. फट तिथे असूच शकत नाही हे मला माहीत होतं, तेव्हा चूक माझ्या गोंदाचीच असणार, असं मी धरलं. सरांनाही दाखवलं नाही. खराब माप कुणी सरांना दाखवतं का?

मी जमिनीवर बसून राहिले. हिशेब सरळ होता. बुलबुलची फट खोटी असेल तर माझे ते तीन शेरे बरोबर होते आणि मी काहीच गमावलेलं नव्हतं. फट खरी असेल तर ती सहा वर्षांपूर्वी तीनदा माझ्या हातात येऊन गेली होती आणि मीच तिला कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. ती फट खोटी निघावी असं मला इतकं वाटलं की दातावर दात बसले. वही मी पिशवीत टाकली. वह्या घरी नेऊ नयेत असा नियम आहे. तो मीच केलाय.

रविवारी दूध उतू गेलं. मी समोरच उभी होते.

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. तो आला, गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागला. “तीन दिवस झाले,” तो म्हणाला, “तू पेशंटसारखं तोंड करून फिरतेयस. कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखव.”

“एका मुलीने चांगलं काम केलंय.”

“अरेरे,” तो म्हणाला. “कधीपासून?”

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी त्याला वही दाखवली, तुकड्याचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. त्याला फट कळली नाही, पण शेरा कळला.

“म्हणजे उद्या तो तुकडा तुझ्या हातून बिघडला तर?”

“तर काहीच ठरणार नाही. सहा आठवडे. परिषद होऊन जाईल.”

“आणि तुझ्या हातून बिघडतात का तुकडे?”

“शंभरातले आठ.”

“मग कुणाला संशय यायचं कारण नाही,” तो फडकं पिळत म्हणाला. त्याने ते सल्ला म्हणून म्हटलं नव्हतं. तो नुसता हिशेब लावत होता. पण तोच हिशेब मी दोन दिवस लावत होते, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वास आला.

“आई, बुलबुल मावशी कधी येणार?” आतून चिंगीने ओरडून विचारलं.

“तिला काम आहे,” मी म्हटलं.

सोमवारी सकाळी मी तुकडा चिकटवला. गोंद सुईच्या टोकाएवढा, एकशे वीस अंशांवर बरोबर एक तास. इथेही मला थांबता आलं असतं. चाळीस मिनिटांतच भट्टी उघडली असती तर गोंद कच्चा राहिला असता, थंडीत त्याला तडा गेला असता, आणि माझंच म्हणणं खरं ठरलं असतं. ते मनात आलं. पण हात घड्याळाकडे बघूनच काम करतात, त्यांना दुसरं येत नाही. मी तास भरू दिला.

तुकडा चेंबरमध्ये गेला, थंड झाला. बुलबुल काचेच्या खिडकीशी टॉर्च धरून उभी होती. मी दांडा हातात घेतला. त्याचं टोक कांडीपासून दोन मिलिमीटरवर आणलं. बुलबुलची गुणगुण थांबली.

टोक जरा खाली धरलं आणि जरा तिरकं मारलं की झालं. टॉर्चच्या उजेडात कपचे उडताना दिसले असते, मी ‘अरेरे’ म्हटलं असतं, आणि ती मलाच धीर देत बसली असती. मी ते सगळं आधीच पाहिलं. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मी टिचकी मारायची थांबले. दांड्याचं टोक कांडीपाशी तसंच थांबलेलं काचेतून स्पष्ट दिसत होतं.

“ताई?”

मी दांडा सोडला. “तू मार.”

“मी? अहो, शेवटचा आहे!”

“तुझं माप आहे. तू मार.”

तिचे डोळे भरून आले. मी मोठेपणा करतेय असं तिला वाटलं. तसं काही नव्हतं. बिघडायचं तर तिच्याच हातून बिघडू दे, माझ्या हाताला डाग नको, इतकंच माझ्या मनात होतं. मी टॉर्च घेतला.

तिची पहिली टिचकी इतकी हलकी बसली की कांडी नुसती डुलली. दुसऱ्या टिचकीने कांडी उडाली. मी आत पाहिलं. जे व्हायचं तेच झालं होतं. कांडी डुलताना थर सैल झाले होते आणि पृष्ठभाग खवल्याखवल्यांचा निघाला होता. एका कोपऱ्यात मात्र काहीतरी आरशासारखं चमकलं. पाव मिलिमीटर असेल.

“गेला,” बुलबुल म्हणाली. ती खाली जमिनीवरच बसली. “माझ्याच हाताने गेला. ताई, तुम्ही कशाला दिलात मला?”

आता मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंसं ठिकाण प्रकाशाच्या ठिपक्याखाली आणणं कुणाला जमलं नसतं आणि कुणी अपेक्षाही केली नसती.

“तो कोपरा बघ,” मी म्हटलं. “तिथे सपाट आहे.”

हे मी का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी चांगली झाले म्हणून नव्हे. तिथे सपाट होतं, आणि असलेलं नाही म्हणणं मला तोंडाने जमलं नाही. शिवाय असंही होतं की फोडणं तिचं बिघडलं होतं आणि आता जे लागणार होतं ते फक्त मलाच येत होतं. त्याचा मला आनंद झाला.

पाऊण मिलिमीटर डावीकडे, दहा मायक्रॉन वर, थांब, मोज, परत दहा. सव्वातीन तास मी स्क्रू फिरवत होते. बुलबुल पहिला तास माझ्या मागे उभी राहून नखं खात होती. मग मी तिला चहाला पिटाळलं, ती पंधरा मिनिटांत परत आली, मग मी तिला परत पिटाळलं. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि पडद्यावर धुरकट पट्टीच्या जागी एकदम धारदार रेघ उमटली. ठिपका सपाट जागेवर आला होता.

तुकडा एकशे वीस केल्विनवर आणला. आधी सोनं मोजलं, मग कर्णाची दिशा. आलेख शून्याला टेकला, सोन्याच्या रेघेवर तंतोतंत बसला. संपर्क चांगला होता. मग तुकडा पंचेचाळीस अंशांनी फिरवला. बाजूची दिशा. आलेख शून्याच्या आधीच खाली आला.

मी दिवा दहापट मंद केला आणि पुन्हा मोजलं. काहीही सरकलं नाही.

फट होती. त्याच तुकड्यावर, चांगल्या संपर्कात, पंच्याऐंशीच्या पस्तीस अंश वर. खोलीत पंपांचा आवाज होता आणि मी होते. बुलबुल अजून चहाच्या रांगेत असणार. त्या दहा-बारा मिनिटांत हे जगात खात्रीने फक्त मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी हे असं बसणं माझं असतं, तीनदा. मी ती मिनिटं घाईने वापरली नाहीत.

मग दार उघडलं. ती दोन कप घेऊन आत आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून दारातच थांबली.

“बुजली?”

“नाही बुजली,” मी म्हटलं. “कर्ण शून्यावर आहे. दिवाही मंद करून बघितला.”

तिने दोन्ही कप चक्क जमिनीवर ठेवले आणि माझ्या गळ्यात पडली. प्रयोगशाळेत कप जमिनीवर ठेवायचे नाहीत, हे मी तिला आठ महिने सांगत होते. या वेळी सांगितलं नाही.

सर धावत आले. खुर्ची ओढली. माझा पडदा होता, पण खुर्ची तिच्या बाजूला लागली. त्यांनी आलेख पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, “वीस मिनिटं तुझी.” मग डोकं खाजवत म्हणाले, “पण आपल्याकडे धड दोनच तुकडे आहेत. पहिला प्रश्न तोच येणार. अजून कुणी, कधी, काही पाहिलं असतं तर...”

माझी पिशवी खुर्चीच्या पाठीला लटकत होती. सर उठून गेले, कुणाकुणाला फोन करायला.

वही मी का काढली हे मात्र मला पक्कं माहीत आहे. तिचं भाषण भक्कम व्हावं म्हणून नाही. ‘बघ, मी आधी पाहिलं होतं,’ हे मला तिच्या तोंडावर मारायचं होतं. तिच्या आनंदात माझा एक खडा पडायला हवा होता. मी वही तिच्यासमोर उघडून ठेवली आणि म्हटलं, “सहा वर्षांपूर्वीची आहे. अशी तीन मापं आहेत.”

ती वाकून वाचायला लागली. पहिलं पान, मग दुसरं, मग तिसरं. मी तिचा चेहरा पडायची वाट बघत होते.

“ताई, हे खोटं आहे,” ती म्हणाली.

“आकडे खोटे नाहीत.”

“आकडे नाही हो! हे खालचं.” तिने शेऱ्यावर बोट ठेवलं. “संपर्क खराब. चिकटवलं कुणी होतं?”

“मीच.”

“मग खराब कसा असेल?”

मी तो शेरा पुन्हा वाचला.

“गुरुवारी मी हेच म्हणणार होते,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलंत ना, संपर्काची खात्री काय? मी म्हणणार होते, ही काय खात्री, समोर उभी आहे. तुकडा ताईंनी चिकटवलाय. पण विचारणाऱ्या तुम्हीच! तुम्हाला तुमच्याच तोंडावर कसं सांगायचं? म्हणून तर मी त्या तुकड्यावर कर्ण बघितला नाही. आधीचा तुकडा मी चिकटवलेला होता, म्हणून त्याच्यावर बघितला.”

आठ महिन्यांच्या ओळखीत या मुलीने माझ्या हाताबद्दल जे धरून चाललं होतं, ते मी बारा वर्षांत एकदाही धरलं नव्हतं. धरलं असतं तर त्या तीन ओळींच्या जागी दुसरं काहीतरी लिहिलेलं असतं.

“तरी तपासायचं,” मी शेवटी म्हटलं. “कुणीही चिकटवलेला असला तरी. मी चिकटवलेला असला तरी.”

“हो.”

“आणि भाषणात ही तिन्ही मापं घाल. शेऱ्यासकट. आम्ही आधी टाकून दिली होती, हे सांग.”

“शेरा कशाला, ताई? लोक हसतील.”

“हसू देत. जे लिहिलंय ते लिहिलंय.”

आमच्याकडे वहीत काही खोडायचं नसतं. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी तारीख घालून सही करायची. बुलबुलने खिशातून पेन काढलं. “द्या, मी मारते रेघ.”

तिच्याबद्दलचं माझ्या पोटातलं दुखणं गेलं नव्हतं. सहा दिवसांनी ती उभी राहणार होती आणि मी बसणार होते. सरांची खुर्ची उद्याही तिच्याच बाजूला लागणार होती. हे सगळं जिथल्या तिथे होतं.

“नको,” मी म्हटलं. “तुझी रेघ वाकडी येते.”

मी ड्रॉवर उघडला आणि फूटपट्टी काढली. बुलबुलने ओठ घट्ट मिटले, तिचे खांदे हलायला लागले. म्हणजे ते नाव तिलाही माहीत होतं.

“हस,” मी म्हटलं. “पण पट्टी दाबून धर. हलता कामा नये.”

तिने दोन बोटांनी पट्टी धरली. मी तीन ओळींवर तीन रेघा मारल्या, तारीख घातली, सही केली.